कुडपणचे बुवा आणि पोटॅशियमची गोळी

लग्नाकार्यात कुणी माझी ओळख "ह्या रिटायर्ड सिस्टर" अशी करून दिली की समोरचा माणूस खुर्ची जरा पुढे ओढतो. त्याला अपघात ऐकायचा असतो. घाटात उलटलेली गाडी, साप, विंचू, अडलेली बाळंतीण. माझ्याकडे हे सगळं आहे, नाही असं नाही. सगळी नोकरी महाडच्या एका खासगी रुग्णालयात काढल्यावर कुणाकडे नसेल? पण खरं विचाराल तर माझा सगळ्यात जास्त घाम एका लहानशा प्लास्टिकच्या कपाने काढला. त्या कपात लालसर औषध असायचं आणि ते माणसाच्या पोटात घालायचं असायचं.

इंजेक्शन सोपं असतं. माणूस इंजेक्शनला घाबरतो, पण एकदा दंड पुढे केला की काम झालं. तोंडाने घ्यायच्या औषधाचं तसं नाही. ते तोंडात गेलं म्हणजे पोटात गेलं असं समजणारी सिस्टर नवीन असते. आणि त्यातही पोटॅशियमचं औषध म्हणजे कळस.

पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. हातापायांच्या स्नायूंना तो लागतो, हृदयाला तर लागतोच लागतो, पण मोजका. आमटीतल्या मिठासारखं समजा. कमी पडला तर पाय उचलत नाहीत, पोट फुगतं, हृदयाचा ठेका चुकतो. जास्त झाला तर हृदय बंदच पडायची भीती. पायावरची सूज उतरावी म्हणून डॉक्टर लघवीची गोळी देतात, ती पाण्याबरोबर हा क्षारही बाहेर काढते. म्हणून मग तो तोंडाने भरून द्यावा लागतो. चव म्हणाल तर खारट, कडू, आणि वर जिभेवर पत्र्याचा तुकडा ठेवल्यासारखी. मी जे देते ते मला माहीत असावं या हट्टापायी मी ते एकदा चाखलं होतं. दुसऱ्यांदा तो हट्ट केला नाही.

तर या औषधाची गोष्ट सांगायची म्हणजे मला धोंडूबुवांची सांगावी लागते.

बुवा कुडपणचे. पोलादपूरच्या पुढे डोंगरावर पठार आहे, त्यावरचं हे गाव. घरी भात-नाचणीची शेती, मुलगी लग्न होऊन मुंबईला, घरात बुवा आणि भागीकाकी दोघंच. पण शेतकरी ही बुवांची दुय्यम ओळख. ते जाखडीचे शाहीर. गौरी-गणपतीत आमच्याकडे पायात चाळ बांधून गोल फिरत नाचतात, ती जाखडी. मध्ये बुवा गातात. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो परतवायचा. आमचे बुवा शक्तीवाले. साठी उलटली तरी अधूनमधून स्वतः चाळ बांधून फेर धरायचे.

पोलादपूरच्या स्टँडवर एसटीत चढताना त्यांचा पाय पायरीवर जाईना. हाताने उचलून ठेवला तरी राहीना. लोकांनी जीपमध्ये घालून त्यांना महाडला आणलं. चाकांच्या खुर्चीवरून वॉर्डात येतानाही माणूस ऐटीत होता. धोतर नीट, डोक्याला टोपी, मान ताठ. मी नाव विचारलं.

"शाहीर धोंडूबुवा, कुडपण. शक्तीवाले."

"मी औषधवाली," मी म्हटलं. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

बुवांनी बायकोकडे पाहिलं. भागीकाकी उंच, काटक बाई. बोलायची गरज पडेपर्यंत न बोलणारी. तिने पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली.

"ही लघवीची. डाक्टरनं येक सांगितली व्हती. ह्ये दोन घेत्यात, कवा तीन."

"का हो बुवा?"

"पायाला सूज. घोट्यावर चाळ बसंना. येका गोळीनं येवडी उतरती, म्हटलं दोनांनी आजून उतरंल."

यात बुवांचा सगळा स्वभाव आला. एक चांगलं तर दोन दुप्पट चांगलं, हा हिशोब त्यांना शेतातल्या खतापासून गाण्यातल्या आलापापर्यंत लागू होता.

रक्ताचा रिपोर्ट आला, पोटॅशियम फार खाली गेलेलं. नाडी मध्येच अडखळत होती. पहिल्यांदा सलाईनमधून द्यावं लागलं, अगदी हळू, मॉनिटरवर डोळे ठेवून, कारण शिरेतून हे भरकन गेलं तर माणूस हातचा जातो. बुवा त्या मॉनिटरच्या आवाजाला मांडीवर बोटांनी ताल धरत होते आणि मध्ये ठोका चुकला की माझ्याकडे बघून म्हणत होते, "तुमचा ढोलकीवाला कच्चा हाय." मी म्हटलं, "ढोलकी तुमचीच आहे बुवा, आम्ही नुसती ऐकतोय."

पायात थोडी ताकद आली आणि डॉक्टरांनी तोंडाने औषध सुरू केलं. इथे माझी आणि बुवांची खरी जुगलबंदी.

हे औषध द्यायच्या आधी एक प्रश्न विचारावाच लागतो, लघवी होते का आणि किती होते. मूत्रपिंड चालू असेल तरच जास्तीचा क्षार बाहेर पडतो. नसेल तर तो साठत जातो. त्यामुळे मी ट्रॉली घेऊन आले की आधी हाच सवाल. बुवांना याची इतकी गंमत वाटली की दुपारपर्यंत त्यांनी कवन केलं आणि अख्ख्या वॉर्डला ऐकवलं:

"सकाळ-दुपार येकच सवाल,
लगवीचा बुवा, सांगा हालहवाल."

वॉर्ड हसला. मीही हसले. हसता हसता कप त्यांच्या हातात दिला. अर्धा पेला पाण्यात मिसळलेलं, जेवणानंतर, आणि ताठ बसवून. घोट घोट घ्यायचं, एका दमात नाही, नाहीतर पोटात आग पडते आणि घेतलेलं सगळं बाहेर. बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत राहणारा एक कारखान्यातला कामगार पैज मारल्यासारखा तो पेला एका श्वासात प्यायला होता. पुढचा अर्धा तास मी चादरी बदलत होते.

बुवांनी पहिला घोट घेतला. चेहऱ्यावरची ऐट एका क्षणात उतरली. त्यांनी पेला खाली ठेवला, गळ्याला हात लावला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शिस्टर, ह्ये औषध गळा बसवतंय. शाहिराचा गळा गेला तर त्याच्यात काय ऱ्हायलं?"

"गळा बसत नाही बुवा. घ्या."

"तुमी जावा पुढं, मी घेतो सावकाश. तुमीच म्हटलात ना, घोट घोट."

समोरच्या खाटेवर एका बाईला धाप लागली होती, मी तिकडे गेले. परत आले तेव्हा पेला रिकामा. दुसऱ्या वेळीही रिकामा. मी मनात म्हटलं, माणूस ऐकतो. पण पुढचा रिपोर्ट काही वर चढेना. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी बुवांकडे, आणि बुवा छताकडे.

उलगडा केला आमच्या वॉचमनने. तो तक्रार घेऊन वर आला. "शिस्टर, तुमच्या वॉर्डातलं कोन तरी खिडकीतनं पान थुकतंय. खालची भिंत लाल झालीय, मालक मला बोलत्यात."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. भिंतीवरून लालसर ओघळ सरळ खाली गेलेले. खिडकी बुवांच्या खाटेची. भागीकाकी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली होती.

"काकी, तुम्हाला माहीत होतं?"

"मी सांगनार व्हते. पन ह्यांनी गळ्याची शपथ घातली."

"कुणाच्या गळ्याची?"

"सोताच्या."

मी बुवांच्या पायाशी खुर्ची घेतली आणि बसले. रागावून उपयोग नव्हता, तो माणूस रागावणाऱ्यांना गाण्यातून परतवण्यात मुरलेला होता. मी म्हटलं, "बुवा, सवाल तुमचा, गळा बसतो. जवाब माझा, बसत नाही. आता निकाल लावू. माझ्यासमोर पेला संपवा आणि गाऊन दाखवा. गळा बसला तर मी डॉक्टरांना सांगून औषध बंद करते."

"बंद करतील?"

"विचारीन तरी."

भागीकाकीने घरून आणलेल्या आमसुलांचं सरबत केलं, मीठ न घालता, जरा साखर टाकून. मी त्यात औषध मिसळलं. आंबट चवीखाली ती पत्र्याची चव थोडी दबते. बुवा ताठ बसले. एक घोट, मग तोंड वाकडं, मग दुसरा घोट. आजूबाजूचे पेशंट, त्यांचे नातेवाईक सगळे बघत होते. धाप लागलेली बाईसुद्धा उशीला टेकून बघत होती. पेला संपला. बुवांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि गणाची पहिली ओळ उचलली.

तो आवाज मी प्रथमच ऐकत होते. वॉर्डाच्या टोकापासून जिन्यापर्यंत गेला. राऊंडला निघालेले डॉक्टर दारात थांबले. बुवा गात राहिले, आणि गाताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हरलो. शेवटची ओळ जरा लवकरच उरकली त्यांनी.

"बरा लागला की," मी म्हटलं.

"सरबतामुळं," बुवा म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक वेळी मी तिथे उभी राहिले. शेवटचा घोट, मग 'आ करा', मग पुढची खाट. रिपोर्ट चढला, पायाला जोर आला, बुवा जिना उतरून खालच्या टपरीवर जाऊन आले.

घरी पाठवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी ओळखलं की कुडपणला हे पातळ औषध खिडकीशिवाय कुठे जाणार नाही. त्यांनी गोळी लिहून दिली. ही गोळी पोटात हळूहळू झिरपते. तिचे नियम वेगळे, आणि ते समजावणं माझं काम. मी बुवांना खाटेवर बसवलं. काकी तेवढ्यात खाली औषधं आणायला गेली होती.

"रोज एकच गोळी. जेवल्यावर. पेलाभर पाण्याबरोबर, बसून. गिळल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. चावायची नाही, कुटायची नाही, चघळायची तर अजिबात नाही. काही दिवसांनी रक्त तपासायला खाली यायचं."

"आजून?"

"अजून एक. कधीकधी शौचाला ती गोळी जशीच्या तशी पडलेली दिसेल. ते नुसतं टरफल असतं. पोळ्यातला मध निथळून गेल्यावर मेण उरतं ना, तसं. औषध अंगात गेलेलं असतं. दिसली तर माझी आठवण काढा, पण घाबरू नका."

बुवा खो खो हसले. "शिस्टर, जाता जाता बी सोडत नाय तुमी. तिथं तुमची आठवन काढू?"

मीही हसले. आमची इतक्या दिवसांची रीतच ती. काकी वर आली, मी तिला पट्टी दाखवून "रोज एक" एवढं सांगितलं, आणि दोघं पोलादपूरच्या गाडीकडे गेले.

मग काही आठवडे त्यांचा पत्ता नव्हता. रक्त तपासायलाही कोणी आलं नाही. भाताच्या दिवसांत डोंगरावरून कोणी येत नाही, म्हणून मला विशेष वाटलं नाही. एका सकाळी ओपीडीत गर्दी असताना बुवा दारात दिसले, मागे काकी. बुवा थेट माझ्या टेबलाशी आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून समोर ठेवली.

"उघडा."

मी उघडली. आत धुऊन स्वच्छ केलेलं, पांढरट, गोळीच्या आकाराचं टरफल. रांगेतले लोक माना लांब करून बघत होते.

"तुमच्या दुकानदारानं खोटी गोळी दिली. गेली तशीच भायेर आली. मी पुरावा आनलाय."

मला हसू आवरेना. इतकी वर्षं नोकरीत, पण असा पुरावा घेऊन डोंगर उतरलेला माणूस मी पाहिला नव्हता. मी हसतच म्हटलं, "बुवा, मी सांगितलं होतं ना?" आणि उत्तराची वाट बघत त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते उत्तर देण्याऐवजी खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडल्यासारखे बसले. ओठांभोवती रंग उतरला होता. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होते.

"काय होतंय?"

"काय नाय. मुंग्या येत्यात. दमायला व्हतंय."

मी मनगट धरलं. नाडी सावकाश चालली होती, मग थांबत होती, मग काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा चालत होती. माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

"रोज किती गोळ्या घेता?"

"पयली वाया जाते दिसली. म्हनून दोन केल्या. त्या बी भायेर पडल्या. मग तीन."

"आणि जेवणात काय वेगळं?"

काकी पुढे आली. "जावयानं मुंबैवरनं मीठ आनलंय. 'मामी, हार्टवाल्यांना हे चांगलं असतं' म्हनाला. साधं मीठ बंद केलं, त्येच घालते सगळ्यात. चव लागत नाय म्हनून ह्ये वरनं आजून घेत्यात."

त्या मिठात सोडियम कमी करतात आणि त्या जागी पोटॅशियम घालतात. ज्याचं मूत्रपिंड ठणठणीत आहे आणि जो ह्या गोळ्या घेत नाही त्याला ते चालतं. बुवांच्या ताटात मात्र दोन्हीकडून तोच क्षार येत होता. जावयाचा हेतू चांगला होता. सगळ्यांचेच हेतू चांगले होते.

मी बुवांना चालू दिलं नाही. खुर्चीवरूनच आत नेलं, डॉक्टरांना हाक मारली, ईसीजीच्या पट्ट्या लावल्या. कागदावर ज्या रेषा मऊ टेकडीसारख्या उठायला हव्यात त्या सुळक्यासारख्या टोकदार उठत होत्या. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि लगेच औषधं सांगितली. हृदयाला सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, मग क्षार रक्तातून पेशींत ढकलायला ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, तोंडावर वाफेचा मास्क. मी औषधं भरत होते, देत होते, आणि एक डोळा मॉनिटरवर होता. ठोका लांबला की माझे हातही थांबायचे.

बुवांनी मास्क जरा बाजूला केला.

"शिस्टर, खरं सांगा. ही थट्टा हाय ना?"

"नाही बुवा. पडून राहा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मास्क पुन्हा लावला आणि डोळे मिटले. मांडीवरची बोटं ताल धरत नव्हती.

मी बाहेर आले तेव्हा भागीकाकी बाकावर ताठ बसली होती. हातात तीच प्लास्टिकची पिशवी. "मीच गोळ्या काढून देत व्हते," ती म्हणाली. "तीन मागत व्हते, मी तीन देत व्हते. मी मारलं त्यांना?"

"कोणी कोणाला मारलं नाही काकी. आणि ते मेलेले नाहीत. वेळेवर आणलंत तुम्ही."

"मी कुटं आनलं. भांडायला आले ते."

तेही खरंच होतं. त्या पुडीचा राग आला नसता तर बुवा कुडपणलाच ओट्यावर बसून राहिले असते, दमायला होतंय म्हणत.

दुपार कलली तशा त्या रेषा हळूहळू मऊ झाल्या. संध्याकाळच्या रक्तात आकडा उतरला होता. डॉक्टर खुर्चीत बसले आणि चहा मागवला, तेव्हा मला कळलं की मीही सकाळपासून काही घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा उठून बसले. चेहरा बराच लहान झालेला. मी नाडी बघत होते तेव्हा ते हळूच म्हणाले, "टरफलाचं तुमी सांगितलं व्हतं."

"हो."

"मला वाटलं, थट्टा करताय. आपलं तसंच चालायचं ना."

वॉर्डात मी नेहमी हसतखेळत काम केलं. घाबरलेल्या माणसाला थट्टेने गोळी लवकर उतरते, हा माझा अनुभव होता आणि अजूनही आहे. पण हसणाऱ्या माणसाने काय ऐकलं आणि काय सोडून दिलं, हे त्याच्या हसण्यावरून कळत नाही. हे मी त्या खाटेपाशी शिकले, तेही नोकरीची बरीच वर्षं झाल्यावर.

भागीकाकी पायाशी बसून ऐकत होती. तिने तोडगा काढला, आणि मला अजून कोणी त्याहून चांगला तोडगा सांगितलेला नाही.

"शिस्टर, थट्टा त्यांच्याशी करा. खरं असंल ते मला सांगा."

मग मी तिला सगळं सांगितलं. गोळी कोणती, कशासाठी, कधी द्यायची नाही. जुलाब लागले, उलट्या झाल्या, लघवी कमी झाली तर काय करायचं. मुंबईहून येणारं कुठलंही मीठ, पावडर, टॉनिक आधी आम्हाला दाखवायचं. शहाळंसुद्धा रोजच्या रोज नाही, त्यातही हाच क्षार असतो. ती प्रत्येक गोष्ट माझ्यामागून म्हणून दाखवत होती, कवन पाठ करतात तशी, आणि बुवा मान खाली घालून ऐकत होते. डॉक्टरांनी लघवीची गोळी कमी केली, पोटॅशियम काही दिवस पूर्ण बंद ठेवलं, आणि रक्त बघून मग पुन्हा एकच गोळी सुरू केली. गोळ्यांची पट्टी काकीने कमरेच्या पिशवीत ठेवली. तिथून ती पुन्हा कधी बुवांच्या हातात गेली नाही.

त्यानंतर ते दोघं नेमाने रक्त तपासायला यायचे. बुवा आले की ओपीडीत आधी त्यांचा आवाज यायचा, मग ते. मला बघून एखादी ओळ टाकायचे, मी जमेल तशी परतवायची, बहुतेक वेळा हरायची. "शिस्टर तुऱ्याच्या बाजूला गेल्या," असं मग ते रांगेतल्या लोकांना सांगायचे. सुई टोचताना मात्र दुसरीकडे बघायचे. काकी माझ्याशी वेगळं बोलायची, थोडक्यात, कामापुरतं. सूज किती, जेवण किती, दम कधी लागतो. एकदा मी तिला म्हटलं, "काकी, तुम्ही कधी स्वतःचं बीपी बघितलंत?" तर म्हणाली, "ह्यांचं ऱ्हाउंदे धड, मंग माजं." मी तिचा दंड धरून पट्टा बांधलाच. तिचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं निघालं. बुवांनी लगेच ते गावभर सांगायचं ठरवलं.

गौरी-गणपतीत एकदा मी महाडहून त्यांची बारी, म्हणजे दोन पक्षांचा जाखडीचा सामना, बघायला गेले होते. उमरठच्या बाजूला एका वाडीत होती. बुवांनी फेर धरला नाही, डॉक्टरांनी मनाई केली होती. मध्ये उभं राहून गायले. समोरच्या पक्षाचा शाहीर तरुण होता, जोरात होता. बुवांनी त्याचे सवाल असे अलगद परतवले की माणसं उठून उठून दाद देत होती. काकी माझ्या शेजारी घोंगडीवर बसली होती. मध्येच ती उठली, गर्दीतून वाट काढत पुढे गेली, गाणं संपायची वाट पाहिली, आणि बुवांच्या हातात आधी दोन घास, मग गोळी, मग पाण्याचा तांब्या दिला. सगळ्यांसमोर. बुवांनी बिनतक्रार घेतली. समोरच्या तरुण शाहिराने त्यावर एक कडवं केलं, तेही चांगलं होतं.

मी निवृत्त झाले तरी ते रुग्णालयात येतच राहिले. नव्या सिस्टर मला सांगायच्या, तुमचे बुवा येऊन गेले.

गेल्या वर्षी भात झोडून झाल्यावरच्या दिवसांत, सकाळी मला फोन आला. कुडपणला रेंज धड नसते, आवाज तुटत होता. मागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"शिस्टर, मी भागी. बुवा गेले. काल."

तिने एका दमात सांगितलं. खळ्यावर पेंढा रचत होते, दमले म्हणून दगडावर बसले, टोपी काढली आणि बसल्या जागी मान टाकली. गाडी येईपर्यंत काही उरलं नव्हतं. सगळं झालं, कालच संध्याकाळी.

"काकी," मी म्हटलं.

"तुमच्या कानावर घालते," ती म्हणाली. आवाज सरळ होता. "काल सकाळची गोळी मीच दिली. येकच. भाकरी खाल्ल्यावर, पेलाभर पान्यासंगं, बसवून. मीठ साधंच हाय घरात. लगवी बरी व्हती. मागल्या म्हयन्यातच रक्त तपासलं, डाक्टर बरं म्हनाले. मी काय चुकवलं नाय."

"मला माहीत आहे काकी."

"तुमाला म्हायती हाय. हितं पावनं बसल्यात, ते म्हनत्यात त्या गोळ्यांनीच मानूस गेला. मागं बी गोळ्यांनीच जात व्हता म्हनं."

"कोण म्हणतंय?"

मागची कुजबुज वाढली.

"फोन मोठ्या आवाजावर करा आणि मध्ये ठेवा."

कुणीतरी तिला ते करून दिलं असावं. कुजबुज थांबली. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जायचा तो माझा आवाज मी बऱ्याच वर्षांनी काढला. मी कोण, कुठल्या रुग्णालयात होते, ते सांगितलं. म्हटलं, "बुवांचं हृदय जुनं झालं होतं. ते एवढी वर्षं गायले ते ह्या बाईमुळे. औषध कसं द्यायचं हे मी पुष्कळ जणांना शिकवलं, शिकलेल्या मुलींनाही शिकवलं. भागीकाकीइतकं चोख कुणी दिलं नाही. ज्याला शंका असेल त्याने महाडला माझ्याकडे यावं, मी समोर बसून समजावीन."

कुठेतरी भांडं सरकलं. मग फोन उचलल्याचा आवाज आला, पावलांचा आला, वारा आला. ती बाहेर अंगणात गेली असावी.

"ऐकलं त्यांनी," भागीकाकी म्हणाली. आणि मग ती रडायला लागली.

मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले.